इग्वानाचे पिल्लू आणि कोवळे ऊन

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मुद्रेवर स्मित उमटले असेल, आणि त्यात वावगे असे काही नाही. वर्षभरापूर्वी इग्वाना हा शब्द मला शब्दकोड्यापुरताच ठाऊक होता. मी शिक्षणाने इतिहासाचा एम. ए. आणि व्यवसायाने सरकारी अधिकारी. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो. सरड्यांशी माझा संबंधही कुंपणापर्यंतचाच होता. तो कुंपण ओलांडून घरात कसा आला आणि त्यापायी मला काय काय शिकावे लागले, तेवढेच मी सांगणार आहे.

आमचे घर रायपूरच्या तात्यापारा भागात आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत जी मराठी घराणी छत्तीसगडात आली, त्यांच्यापैकी अनेकांची वस्ती या बाजूस झाली. घर जुने, पुढे ओसरी आणि मागे अंगण. या अंगणानेच घात केला. माझा भाचा शिक्षणासाठी पुण्यास निघाला, तेव्हा एक काचेची पेटी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘मामा, तुमच्याकडे अंगण आहे. वसतिगृहात हे ठेवू देत नाहीत.’’ पेटीत एका फांदीला बिलगून पोपटी रंगाचे एक पिल्लू बसले होते. शेपटी धरून ते वीतभरापेक्षा थोडे मोठे असेल. त्यातही बराचसा भाग शेपटीचाच. त्याने एक डोळा वळवून माझ्याकडे पाहिले. शाळेची तपासणी करावयास आलेले अधिकारी जसे पाहतात, तसे ते पाहणे होते.

स्वभावानुसार मी प्रथम कागदपत्रे मागितली. येथे दोन शब्द कायद्याविषयी बोलणे भाग आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय करारान्वये ज्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे, असे परदेशी प्राणीही त्यामुळे आपल्या कायद्याच्या कक्षेत आले. हिरवा इग्वाना त्यांपैकीच एक. 28 फेब्रुवारी 2024 रोजी नोंदणीचे नियम प्रसिद्ध झाले. असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे त्याची नोंद करावयाची, आणि तो दुसऱ्याच्या हाती गेला तर तेही कळवावयाचे. भाच्याने हे सर्व केले होते. पुढे माझ्या नावाची नोंदही रीतसर झाली. ज्याच्याजवळ असे कागद नाहीत त्याच्याकडून हे पिल्लू कोणी घेऊ नये, मग त्याची किंमत कितीही कमी असो.

शेजाऱ्यांनी मात्र वेगळीच शंका काढली. ‘‘साहब, आपने गोह पाल ली?’’ असे एकाने कुंपणावरून विचारले. गोह म्हणजे आपली घोरपड. सिंहगडाच्या दंतकथेमुळे मराठी माणसाला ती जवळची वाटते. परंतु ती पकडणे वा बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे, कारण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिलेले आहे. इग्वाना तिचा सख्खा भाऊ नव्हे, फार तर लांबचा आप्त. त्याचे माहेर मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेतील अरण्यांपर्यंत. नदीकाठच्या उंच झाडांवर तो राहतो. दोघांतील सर्वांत मोठा भेद आहाराचा आहे. घोरपड मांसाहारी, आणि इग्वाना जन्मापासून मरणापर्यंत पाला खाऊन राहणारा. हा भेद न कळल्यामुळे किती पिल्ले दगावत असतील याची कल्पनाच केलेली बरी. भाच्याला पिल्लू देणाऱ्या विक्रेत्याने सांगितले होते की, लहानपणी याला किडे आणि उकडलेले अंडे द्यावे, म्हणजे वाढ झपाट्याने होते. वस्तुतः अशा प्रथिनांचा भार त्याच्या मूत्रपिंडांस पेलवत नाही. त्याच विक्रेत्याने दुसरा सल्ला दिला होता तो पेटीविषयी: पेटी खिडकीशी ठेवा, काचेतून ऊन येईल, तेवढे पुरे.

आम्ही ते पाळले. खिडकी पूर्वेची, ऊन भरपूर. पहिला महिना उत्तम गेला. दुसऱ्या महिन्यात पिल्लाच्या मांड्या भरून आल्या, तेव्हा आमच्या मंडळींनी कौतुकाने म्हटले की, मामाकडचे अन्न याला मानवले. मलाही तसेच वाटले. परंतु मांड्या भरत असता ते फांदीवर चढेनासे झाले. पोट जमिनीला टेकवून सरपटू लागले. पुढच्या पायाची बोटे मधूनच थरथरत. एके दिवशी भोपळ्याचा किस तोंडाशी नेला, तर त्याने तोंड उघडले. पण खालचा जबडा जणू रबराचा असावा तसा वाकला.

माझी आई ऐंशीच्या पुढची आहे. तोवर तिने त्या पेटीकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. घरात पाल नको म्हणून ती आयुष्यभर केरसुणी घेऊन हिंडलेली. त्या दिवशी मात्र ती जवळ आली, चष्मा पुसून तिने पाहिले आणि म्हणाली, ‘‘अरे, याला मुडदूस झालाय. कोवळं ऊन दाखवा त्याला.’’

मी म्हणालो, ‘‘आई, दिवसभर उन्हातच तर आहे ते.’’

‘‘काचेत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तुला मी तेल लावून ओसरीवर निजवत असे. काचेच्या कपाटात नाही.’’

शहरात जनावरांचे डॉक्टर पुष्कळ; परंतु इग्वाना पाहिलेले कोण? ज्यांच्याकडे गेलो त्या गृहस्थांनी मोकळेपणाने सांगितले की, आपण हा प्राणी हाताळलेला नाही. आणि लगेच दूरध्वनी करून त्यांनी या विषयातील एका अनुभवी पशुवैद्यांचा सल्ला घेतला. ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणणारा वैद्य भेटणे हेही भाग्यच. निदान झाले ते आईचेच. हाडे ठिसूळ आणि मऊ होण्याचा हा विकार बंदिस्त इग्वानांत अतिशय आढळतो. मांड्या भरतात ते मांसाने नव्हे. हाडातील चुना कमी झाला की, शरीर त्या जागी तंतुमय भरण घालून हाडाला टेकू देऊ पाहते, आणि पाहणाऱ्यास ते बाळसे वाटते. आम्ही ज्याचे कौतुक करीत होतो तो रोग होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हाडांना चुना, म्हणजे कॅल्शियम, लागते. ते अन्नात असले तरी आतड्यातून रक्तात उतरण्यास ड जीवनसत्त्व हवे, आणि इग्वाना ते बहुतांशी आपल्या कातडीत सूर्याच्या अतिनील किरणांच्या साहाय्याने तयार करतो. अन्नातून दिलेल्या ड जीवनसत्त्वावर त्याचे नीट भागत नाही. साधी काच प्रकाश आत सोडते, ऊबही सोडते. परंतु अतिनील किरणांतील नेमका जो भाग हे काम करतो तोच ती अडवते. म्हणून आमचे पिल्लू लखलखीत प्रकाशात बसून अंधारकोठडी भोगीत होते. आपल्या आज्या तान्ह्या बाळांना सकाळच्या उन्हात धरीत, त्यामागचे तत्त्व निराळे नव्हते.

उपचार म्हणून डॉक्टरांनी तोंडावाटे द्यावयाचे द्रवरूप कॅल्शियम वजनानुसार मोजून दिले. हे औषध कोणी आपल्या मनाने देऊ नये. पिल्लाला उचलू नका, उचलावेच लागले तर छाती व कंबर यांच्याखाली हात द्या, कारण या अवस्थेत हाड सहज मोडते, असेही त्यांनी बजावले. बाकीचे औषध आमच्या ओसरीवर होते. तारेच्या जाळीचा एक लहान पिंजरा करविला, त्याच्या अर्ध्या भागावर गोणपाट टाकून सावली केली, आणि रोज सकाळी पिल्लाला त्यात अर्धा-पाऊण तास ठेवू लागलो. सावली ही चैन नव्हे. रायपूरचा उन्हाळा 44-45 अंशांपर्यंत जातो. सावलीवाचून पिल्लू काही मिनिटांत तडफडून मरेल. काचेची पेटी तर उन्हात कधीही ठेवू नये, ती भट्टी होते. जाळीवर लक्ष ठेवण्यास माणूसही हवा. आमच्याकडे आईच ओसरीवर जपमाळ घेऊन बसे, आणि घार आकाशात दिसली की काठी आपटी.

पावसाळ्यात छत्तीसगडात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. तेव्हा अतिनील किरण देणारा, यूव्हीबी नावाचा दिवा लावावा लागतो. तो पिल्लाच्या बसण्याच्या जागेपासून सुमारे वीतभर ते हातभर अंतरावर, निर्मात्याने सांगितले असेल तितकाच दूर असावा, आणि मध्ये काच नसावी. या दिव्याची एक फसवणूक लक्षात ठेवावी: त्याचा उजेड वर्षानुवर्षे टिकतो, पण आतील उपयुक्त किरण सहा महिने ते वर्षभरात ओसरतात. म्हणून तो जळाला नाही तरी बदलावा. मी कार्यालयाच्या दिनदर्शिकेवर त्याची तारीख टिपून ठेवली आहे.

उष्णतेचेही तसेच. हा थंड रक्ताचा प्राणी आहे. पोटातील पाला पचण्यास त्याला बाहेरून ऊब घ्यावी लागते. बसण्याच्या फांदीवर सुमारे 35 अंश, दुसऱ्या टोकास 26-27 अंश असावेत, म्हणजे ते आपल्या सोयीने सरकत राहते. आमच्याकडे पौषात रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो. तेव्हा प्रकाश न देणारी शेगडी पेटीच्या वर, त्याचा स्पर्श होणार नाही अशी टांगतो. वीज गेली तर गरम पाण्याची पिशवी फलाटीनच्या कापडात गुंडाळून ठेवतो. अमेरिकेत फ्लोरिडा येथे हेच इग्वाने रानोमाळ माजले आहेत, आणि थंडीची लाट आली की गारठून झाडांवरून खाली पडतात. जानेवारी 2020 मध्ये मायामीच्या हवामान कार्यालयाने लोकांना तशी सूचनाच दिली होती: आज झाडांवरून इग्वाने पडण्याचा संभव आहे. आमच्या खात्याचे एकही परिपत्रक इतके सुस्पष्ट नाही.

आता आहार. या बाबतीत छत्तीसगडात राहणारा माणूस खरोखर सुदैवी. येथे भाजी म्हणजे पालेभाजी, आणि तिचे इतके प्रकार की परगावचा माणूस बाजारात चकित होतो. त्यांतली मुनग्याची भाजी, म्हणजे आपल्या शेवग्याचा पाला, या पिल्लास अमृतच, कारण त्यात कॅल्शियम विपुल आहे. तुतीची पाने, जास्वंदीची पाने आणि फुले, थोडासा लसूणघास, आणि जोडीला किसलेला लाल भोपळा किंवा दुधी असे आमचे ताट असते. पाने बारीक चिरून द्यावी. अन्नात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम असावे असा नियम आहे. केळ्यात हे प्रमाण उलटे असते, म्हणून केळे आवडत असले तरी सणावारीच. पालकाविषयी आपल्या मनात मोठा आदर आहे; परंतु त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. अळू, चुका, लाल भाजी यांनाही तोच दोष. कोबी नेमाने देऊ नये. आणि उपाहारगृहातील ते पांढुरके सॅलडचे पान म्हणजे चघळण्याचे पाणी. तिवऱ्याची भाजी येथे आवडीने खातात, पण तिवऱ्याच्या डाळीची कीर्ती ध्यानात घेऊन मी ती पिल्लास कधी दिली नाही. बाजारातील पाल्यावर फवारे असतात, तेव्हा शक्य तो अंगणातला द्यावा. शेवग्याचे झाड आमच्या मागील दारी आहे. त्याच्या शेंगांवर आमचा हक्क राहिला, पाल्यावर राहिला नाही.

पाला पचविण्यासाठी पोटात सूक्ष्म जीव लागतात. ते पिल्लाकडे जन्मतः नसतात. पनामाच्या अरण्यातील निरीक्षणांवरून 1982 साली असे प्रसिद्ध झाले की, अंड्यातून निघालेली पिल्ले प्रथम घरट्याची माती खातात आणि मग झाडावर चढून मोठ्या इग्वानांची विष्ठा खातात. त्यातून त्यांना हे जीव मिळतात. आपण ज्याला ओंगळ म्हणू तेच तेथे वडिलोपार्जित धन. माणसाच्या घरी वाढलेल्या पिल्लाला हा वारसा बहुधा मिळत नाही. त्याचे पचन नाजूक असते ते यामुळेही असेल. म्हणून नवा पाला हळूहळू द्यावा आणि विष्ठेकडे रोज लक्ष असावे. पेटीत वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरू नये. ते पोटात जाऊन आतडे तुंबते. जुनी वर्तमानपत्रे उत्तम.

पाण्याविषयी थोडेच सांगतो. इग्वाना वाटीपेक्षा पानावरचे थेंब चाटून पाणी पितो, म्हणून दिवसातून दोनदा पानांवर फवारा मारावा. एप्रिल-मे महिन्यांत येथील हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. पिल्लाची कात तशा हवेत नीट सुटत नाही, बोटांभोवती तिचे कडे राहून बोट वाळते आणि गळते. कोमट पाण्यात दहा मिनिटे बसविले की कात आपोआप सुटते. ती ओढू नये.

दोन गोष्टींनी आम्हास विनाकारण घाबरविले. पिल्लू शिंकते आणि काचेवर पांढरी पूड उडते. आमच्या मंडळींनी त्याला पडसे झाले म्हणून तुळशीचा काढा सुचविला. वस्तुतः शरीरातील जादा क्षार नाकावाटे टाकण्याची ती त्याची रीत आहे. दुसरी गोष्ट, वरून हात नेला की ते वेड्यासारखे पळे. त्याच्या माथ्यावर एक फिकट ठिपका असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला आकृती दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून आलेली सावली म्हणजे घार, इतके ज्ञान त्याला पुरते. आईने ऐकून शंकराचे नाव घेतले आणि त्या दिवसापासून तिचा केरसुणीचा राग मावळला. हात बाजूने, खालून, सावकाश नेला की ते स्थिर राहते. हाताळून झाल्यावर मात्र साबणाने हात धुतलेच पाहिजेत. निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या पोटातही साल्मोनेला जंतू असू शकतात; म्हणून त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत, आणि घरात तान्हे मूल असेल तर हा प्राणी न आणणेच शहाणपणाचे.

आमचे पिल्लू बरे झाले. मी दर रविवारी त्याचे वजन करतो. आजारपणात 60 ग्रॅमवर अडलेला काटा दिवाळीस 140 वर गेला. जबडा घट्ट झाला. शेपटीत एक बाक कायमचा राहिला. त्या दोन महिन्यांचा तो शिक्का आहे, आणि तो पाहिला की मला खिडकीची काच आठवते.

दिवाळीत भाचा आला. त्याला मी एक प्रश्न विचारला: हा प्राणी किती मोठा होतो, हे तू घेताना विचारले होतेस का? त्याने विचारले नव्हते. तीन-चार वर्षांत तो चार-पाच फूट होतो, नर सहा फुटांपर्यंतही जातो, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे तो साठीकडे झुकेल तेव्हा मीही झुकलेला असेन. भाच्याचा एक मित्र सहज म्हणाला, ‘‘मोठा झाला की बूढा तालाबच्या काठी सोडून देऊ.’’ मी त्याला बसवून घेतले. फ्लोरिडा, पोर्तो रिको, तैवान येथे अशाच सोडलेल्या पाळीव इग्वानांची प्रजा वाढली आणि आता तेथील सरकारे त्यांना मारण्यावर पैसा खर्च करीत आहेत. सोडणे म्हणजे सुटका नव्हे. एकतर त्याचा मृत्यू, नाहीतर येथील झाडापाल्याचा.

तेव्हा तो आमच्याकडेच राहणार. मागील दारी शेवग्याच्या सावलीत सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि सात फूट उंच असा जाळीचा पिंजरा करावयाचा ठरला आहे. आत आडव्या फांद्या, एका कोपऱ्यात पावसापासून आडोसा आणि दिव्यासाठी विजेची जोडणी. खर्चाचा अंदाज मी तीनदा काढला आणि तिन्ही वेळा वेगळा आला. आईची एकच अट आहे की, पिंजरा तिच्या खुर्चीवरून दिसला पाहिजे. सुताराने मापे नेली आहेत. गुरुवारी येतो म्हणाला आहे.